ठेवणीतलं मैदान

६ जानेवारी

ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

परवा सकाळी उठलो, अंघोळ केली, देवासमोर हात जोडले आणि दुकान न उघडता केरसुणी घेऊन सरळ मैदानात गेलो. थंडी चांगलीच होती. आदल्या दिवशीची पावलं मातीत तशीच उमटलेली होती. पोरांची अनवाणी, कुणाच्या चपलांची, एका कुत्र्याची, आणि कडेकडेने तुझ्या भावजयीची. तिचा डावा पाय अजून थोडा ओढतो, त्यामुळे तिच्या पावलामागे एक बारीक रेघ असते, लगेच ओळखू येते. मी एका कोपऱ्यापासून झाडायला लागलो आणि ऊन वर येईपर्यंत एकही पाऊल शिल्लक ठेवलं नाही. नुकताच रंधा मारलेल्या फळीसारखं मैदान दिसत होतं. मला फार समाधान वाटलं.

तू म्हणशील, या सुताराच्या हातात केरसुणी कुणी दिली? सांगतो.

माझ्या दुकानासमोरचं मोकळं मैदान तू पाहिलेलं आहेस. तिथे आता गाड्या लावण्यासाठी मजल्यांचा वाहनतळ करायचं नगरपालिकेच्या मनात आहे. हे कळलं तसे गल्लीतले लोक जागे झाले. समिती झाली. निवृत्त पोस्टमास्तर अध्यक्ष, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई चिटणीस, आणि उरलेली सगळी कामं माझ्याकडे. आम्ही अर्ज केला की वाहनतळ नको, मैदान राहू द्या, चालायला सपाट वाट करा, दिवे लावा, बाकं टाका, पोरांना घसरगुंडी द्या, पाण्याचा एक नळ द्या. बऱ्याच खेपा घातल्यावर उत्तर आलं. उद्यान खात्याच्या बाई जागा बघायला येणार आहेत. त्या काय लिहितील त्यावर सगळं ठरणार.

तेव्हापासून आमची धावपळ चालू आहे. मैदानातला कचरा काढला, गवत उपटलं, भोवतीनं दोरी बांधली. बाई येऊन जाईपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. पोस्टमास्तर दोरीपाशी खुर्ची टाकून बसतात. चेंडू जरी आत गेला तरी स्वतः जाऊन आणून देतात, तेही टाचा उचलून.

यात माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर हिला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. रस्त्यावर गाड्या अंगावर येतात, हॉर्न वाजला की ही जागच्या जागी थिजते. चालते ती या मैदानामुळे. मैदान गेलं तर तिचं चालणं गेलं, आणि चालणं गेलं तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं आहे. सध्या थोडे दिवस घरातच चाल, पलंगाला वळसा घालून, असं मीच तिला म्हणालो. ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" दोन प्रकारचं असतं. हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

तुझा फोन बिघडलाय म्हणतेस म्हणून पत्र लिहिलं. मला पत्रच बरं वाटतं. फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस आणि मीच एकटा बडबडत राहतो.

तुझा,
धाकटा


१५ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. भावजयीला निम्मे, तुला निम्मे. तिला थोडे जास्त.

अगदी योग्य केलंस. अण्णांचा मुलगा शोभतोस. आपली नवी सतरंजी आठवते ना? अण्णा ती ट्रंकेत ठेवायचे. कुणी मोठा माणूस आला तरच निघायची. बाकी वेळ आपण जमिनीवर. पाहुणे बसायचे आणि सतरंजी घडीच्या जागी फुगलेली असायची, पाहुण्यांना वाटायचं खाली मांजर आहे. पण होती कशी, कोरी करकरीत! अण्णा गेले तेव्हाही कोरीच होती.

पोरांना दटावायला तुला जड जात असेल, तू पहिल्यापासून मऊ. मला बोलाव. वर्ग गप्प करण्यात माझी हयात गेली. भावजयीला म्हणावं, जरा कळ काढ, पाहणी झाली की ऐसपैस चाल.

फोन अजून दुरुस्त झालेला नाही. पोराला वेळ नसतो. पत्रच लिही.

माझी झोपाळ्याची फळी बरी आहे ना? माळ्यावर ओल येत नाही ना? वाळवीवर लक्ष ठेव, ती बोलून दाखवत नाही. मागे शेजारीण विचारत होती, तुमच्याकडे झोपाळा नाही वाटतं? म्हटलं, आहे की! अस्सल सागवानी, माझ्या वडिलांच्या हातचा. फक्त तो भावाकडे असतो.

ताई


२९ जानेवारी

ताई,

नमस्कार. पाहणी झाली. कशी झाली ते लिहायला बसलोय आणि सारखं पेन खाली ठेवतोय.

बाई सकाळीच आल्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पायात धुळीचे बूट, बोलायला साध्या. आम्ही सगळे धुतलेले कपडे घालून दोरीपाशी ओळीने उभे. त्यांनी मैदानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती स्वच्छ ठेवलंय हो!"

पोस्टमास्तर फुगले. ते फुगले की त्यांच्या सदऱ्याची बटणं दिसतात.

"इथे येतं कोण?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही!" पोस्टमास्तर छाती काढून म्हणाले. "चिटपाखरू फिरकू देत नाही आम्ही."

"मुलं?"

"नाव नको! इतक्या दिवसांत एका पोराची हिंमत झालेली नाही."

"आणि म्हातारी माणसं? बायका?"

"त्यांना घरी बसा म्हणून सांगितलंय. सगळे सहकार्य करतात."

मला वाटलं आपलंही काम बाईंच्या कानावर जावं. मी पुढे होऊन म्हणालो, "रोज सकाळी मी स्वतः झाडतो, बाई. एक पाऊल दिसणार नाही तुम्हाला."

बाई खरंच वाकून पाहायला लागल्या. मग त्यांनी कागद काढला आणि लिहू लागल्या. शिंपीणबाई हुशार, त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच. मैदान स्वच्छ आहे, वापरात नाही."

ताई, आमच्या सगळ्यांचे चेहरे तू पाहायला हवे होतेस. पोस्टमास्तरांची बटणं परत आत गेली. "अहो, वापरात नाही कसं? एरवी इतकी गर्दी असते!" ते म्हणाले.

"कुठे आहे?"

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला, उभ्या गाड्यांच्या मधून, पोरांची आरोळी आली आणि त्यांचा चेंडू गडगडत येऊन बाईंच्याच गाडीखाली गेला.

बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. जाताना म्हणाल्या, "माझा अहवाल मार्चअखेर वर जाईल. त्याआधी पुन्हा एकदा येऊन जाईन. कधी ते सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही पुन्हा झाडाल."

घरी आलो तर ही पलंगाला वळसा घालत होती. "काय म्हणाल्या बाई?" मी सांगितलं. ती आधी ऐकत राहिली, मग हसायला लागली, इतकी की तिला पलंगावर बसावं लागलं. डोळे पुसून म्हणाली, "मग आता पलंगाच्या प्रदक्षिणा बंद करू का?"

ताई, एक विचारायचं आहे. परवा तुझी फळी माळ्यावरून खाली काढली. बरी आहे, वाळवी नाही. इतकी वर्षं ती पडून आहे, तर इथे कामाला आणावी असं मनात येतंय. तुझं काय म्हणणं आहे ते कळव.

धाकटा


४ फेब्रुवारी

धाकट्या,

फळीला हात लावायचा नाही.

कामाला आणावी म्हणजे काय? कापून त्या बाईंसाठी बाक करणार आहेस? का कुणा गिऱ्हाइकाच्या दाराची चौकट? दुकानात लाकूड कमी पडलं असेल तर बाजारातून आण. अण्णांनी ती माझ्या लग्नात माझ्यासाठी केली. सासरी भाड्याच्या खोलीत आढंच नव्हतं म्हणून नेली नाही. पुढे स्वतःचं घर झालं तर हे म्हणाले, स्लॅबमध्ये कड्या ठोकायच्या नाहीत. म्हणून ती बेवारस होत नाही.

होती तशी गुंडाळ आणि माळ्यावर ठेव.

भावजयीला आशीर्वाद.

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. फळी होती तशी गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

उत्तराला उशीर झाला. राग नव्हता. थोडा होता, आता नाही. चूक माझीच, मी अर्धंच लिहिलं होतं. ते पुढे येईल. आधी मैदानाचं सांगतो.

बाई गेल्या त्याच दिवशी आम्ही दोरी सोडली. वाटलं, धरणाचं दार उघडल्यासारखे लोक आत येतील. कुणी आलं नाही. पोरं गाड्यांच्या मधेच खेळत राहिली. मी बोलवायला गेलो तर त्यांच्यातली दोन वेण्यांची एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुम्हीच हाकललंत ना? आता कशाला बोलावताय?" उत्तर पोस्टमास्तरांनी दिलं. त्यांनी स्वेटर काढला, घडी घालून माझ्या हातात दिला, मैदानात दोन दगड ठेवले आणि मध्ये उभे राहिले. "मारा!" म्हणाले. पहिलाच चेंडू त्यांनी पोटावर घेतला. त्या आवाजासरशी सगळी पोरं आत आली. आता ते रोज संध्याकाळी गोलात असतात. त्यांची मंडळी म्हणाल्या, "पोस्टात असताना एवढ्या वेळेवर कधी गेले नाहीत."

पोरांचं निभावलं. पण मोठी माणसं येईनात, आणि बायका तर मुळीच नाही. मी शिंपीणबाईंना विचारलं, एवढ्या सह्या गोळा केल्यात, मग तुम्ही स्वतः का येत नाही? त्या मशीन थांबवून म्हणाल्या, "येऊन काय करू? पुरुष नुसता उभा राहिला तर हवा खातोय म्हणतात. बाई नुसती उभी राहिली तर विचारतात, काय हरवलंय का?" हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. अर्जात आम्ही बाकं मागितली होती, पण बाकं आल्यावर माणसं बसणार, आणि माणसं बसलेली दिसल्याशिवाय बाकं मिळणार नाहीत.

ही मात्र रोज जाते. एक फेरी झाली की दमते, तिला टेकायला लागतं. म्हणून ती पुढे चालते आणि मी मागून दुकानातलं स्टूल घेऊन. पोस्टमास्तर गोलातून ओरडतात, "बाजूला व्हा, राणीसाहेबांचं सिंहासन येतंय!" ती हसते, पण लोकांसमोर एकटीने बसायला संकोचते. तुझ्या फळीचा विचार तिथे आला.

मला ती कापायची नव्हती, ताई. अण्णांची फळी मी कापेन असं तुला वाटलं याचंच वाईट वाटलं. मला मैदानाच्या कडेला, मोठ्या झाडाच्या सावलीत, लोखंडी खांब रोवून झोपाळाच बांधायचा होता. तीन माणसं सहज बसतील. झोपाळ्यावर बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही की काय हरवलंय. तू नको म्हणालीस, विषय मिटला. मनातलं तेवढं सांगून मोकळा होतो.

भीती मलाही आहे, आणि सुतार असल्यामुळे तुझ्यापेक्षा जास्त. उघड्यावर लाकडाचं काय होतं ते मी रोज बघतो. ऊन तडे पाडील, पाऊस काळं करील. पण सकाळी देवासमोर बसतो तेव्हा समोरच्या फुलाकडे लक्ष जातं. आज उमललं ते आज वाहिलं. चांगलं आहे म्हणून उद्यासाठी कुणी राखून ठेवत नाही. त्या दिवशी गोधडी सोडली तेव्हा फळी अगदी नवी निघाली. कडा अण्णांनी गोल केलेल्या, बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना बोचू नयेत म्हणून. आणि तिच्यावर आजवर एकही माणूस बसलेला नाही. मला अण्णांसाठी वाईट वाटलं.

असो. स्टूल चांगलं आहे. चालतंय.

धाकटा


५ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हल्ली मी कुणाशी फार बोलत नाही, आणि त्याचं कारण तुला सांगितलेलं नाही. माझा फोन बिघडलेला नाही. कान बिघडलेत.

पोराने गेल्या वर्षी कानात घालायचं यंत्र आणून दिलं. बोटाच्या पेराएवढं, पण इतकं भारी की मी त्याला दोन दिवस झापलं. मग ते डबीत कापसात गुंडाळून कपाटात ठेवलं. म्हटलं, रोज वापरून झिजवायचं कशाला? लग्नकार्य असलं, कुणी मोठं माणूस आलं, तर घालीन. पुतणीचं लग्न आलं, मी ऐटीत डबी काढली, यंत्र कानात घातलं, आणि काही नाही. बॅटरी पडून पडून मेली होती. सबंध लग्नभर मी हसून मान डोलावत होते. कुणीतरी मला विचारलं, तब्येत कशी आहे, मी म्हणाले, फार सुंदर, दृष्ट लागण्यासारखी जोडी आहे.

हस, हस. मीही आता हसतेय.

पण घरात ते हसण्यासारखं राहिलं नव्हतं. सूनबाई काही विचारायची, मी "हं" म्हणायची. तिला वाटायला लागलं मी तिच्यावर रुसलेय. मला वाटायला लागलं हे दोघं माझ्याविषयी हळू आवाजात बोलतात. वर्षभर असं चाललंय, आणि यंत्र कपाटात कोरं करकरीत.

तुझ्या पत्रातलं "एकही माणूस बसलेला नाही" वाचलं आणि उठले. पोराकडून बॅटरी मागवली. आता हे लिहिताना यंत्र कानात आहे. पहिला आवाज ऐकला तो माझ्याच बांगड्यांचा. मी दचकून मागे पाहिलं. मग स्वयंपाकघरातून काहीतरी यायला लागलं. सूनबाई काम करता करता गुणगुणत होती. एवढी वर्षं एका घरात राहतो, धाकट्या, आणि ती गाते हे मला माहीत नव्हतं. बरं गाते. तिसऱ्या ओळीला थोडी घसरते, पण ते मी सांगणार नाही.

फळी लाव.

अटी ऐक. एक, पहिली बसेल ती भावजय. पोस्टमास्तर नाही, कोणी बाई नाही, कोणी साहेब नाही. दुसरी, फार चकचकीत करू नकोस. तुझा हात राहत नाही मला माहितेय. तिसरी, कड्या अण्णांनी घडवून घेतल्या होत्या त्याच लाव. पडवीतला जुना झोपाळा जसा करकरायचा तशाच त्या करकरतील असं अण्णा म्हणायचे, लोहार तोच होता. तो आवाज मला ऐकायचाय. लावलीस की मैदानातूनच फोन कर.

आणि "ताईने दिली" असं कुठे रंगवून लिहू नकोस, बरं दिसत नाही. तोंडी सांगितलंस तर माझी हरकत नाही.

ऊन लागेल, पाऊस लागेल. लागू दे.

ताई


२७ मार्च

ताई,

धाकट्याचा आणि त्याच्या बायकोचा, दोघांचा नमस्कार. फोन आधीच करणार होतो, पण बाई येऊन जाईपर्यंत मला धीर नव्हता. आता क्रमाने सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात वेल्डरने खांब करून दिले. पोस्टमास्तर म्हणाले, आधी परवानगीचा अर्ज करू. शिंपीणबाई म्हणाल्या, "अर्ज करा, पण खड्डेही खणा. दोन्ही एकदम चालू द्या." तसंच झालं. खड्डे आधी झाले. मग पोस्टमास्तर स्वतः कचेरीत जाऊन बसले आणि तात्पुरता झोपाळा चालेल असा कागद घेऊनच उठले.

तू बजावूनही फळीवर माझा हात थोडा चाललाच. काचकागदाने घासली, तेल दिलं. सकाळी देवाला नमस्कार करून फळी खांद्यावर घेतली, मैदानात नेली आणि कड्या अडकवल्या. ऊन तिच्यावर पडलं आणि लाकडाचे धागे असे उठून दिसले की मीच बघत राहिलो.

आणि मग कुणी बसेना!

लोक येत, हात फिरवत, "काय काम आहे!" म्हणत आणि उभेच राहत. एका आजींनी चपला काढल्या, पदराने कडा पुसली, नमस्कार केला आणि परत चपला घातल्या. पोस्टमास्तर म्हणाले, "अशी वस्तू आहे, तर उद्घाटनाला कुणाला तरी बोलवावं. तोवर आपण दोरी…"

"दोरी" हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते गोलात निघून गेले.

तेवढ्यात हिची फेरी संपली. त्या दिवशी मी स्टूल नेलं नव्हतं. ती आली, कुणाकडे बघितलं नाही, धुळीच्या पायांनी मधोमध टेकली आणि डाव्या पायाने, त्याच पायाने, जमिनीला एक रेटा दिला. कड्या करकरल्या. आपल्या पडवीसारख्याच, ताई. मी पाठ फिरवून खांब तपासायला लागलो.

"उभ्या काय राहिलात?" ती शिंपीणबाईंना म्हणाली. "बसायला केलाय, पुजायला नाही."

झालं. त्या दिवसापासून फळी रिकामी दिसत नाही. सकाळी म्हातारी मंडळी, दुपारी शिंपीणबाई हातशिलाई घेऊन येतात, संध्याकाळी बायकांची रांग. झोपाळ्यावर जागा नाही म्हणून लोक घरून खुर्च्या आणायला लागले. कुणी चटई आणतं. चार बाया हिच्याबरोबर फेऱ्या मारतात. बोलता बोलता मध्ये थांबतात आणि डॉक्टरांनी थांबू नका म्हटलंय हे हीच त्यांना सांगते.

परवा संध्याकाळी बाई आल्या. कधी आल्या ते कुणालाच कळलं नाही. झाडापाशी उभ्या होत्या. शिंपीणबाईंनी चेहरा पाहिलाच नाही, सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "बसा हो. उभ्या का? काय हरवलंय का?" बाई बसल्या. एका बाजूला ही, एका बाजूला शिंपीणबाई. तिघी झोके घेत होत्या. अर्ध्या मैदानावरून पोस्टमास्तरांनी त्यांना ओळखलं, "बाई!" म्हणून ओरडले आणि त्या नादात गोल झाला. दोन वेण्यांच्या मुलीने केला. ती अजून सगळ्यांना सांगत फिरतेय.

मी धावत गेलो. मैदानभर पावलंच पावलं, पोरांच्या सायकलींच्या चाकांच्या खुणा, खुर्च्यांच्या पायांची भोकं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आज झाडलं नाही वाटतं?"

"नाही, बाई."

"बरं केलंत."

निघण्याआधी त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. मैदान भरपूर वापरात आहे, वाहनतळासाठी दुसरी जागा पाहावी, इथे चालायची वाट, दिवे आणि बाकं आधी करावीत. नळ नंतर. वरच्या साहेबांची सही व्हायची आहे, पण बाई म्हणाल्या, जिथे मलाच बसायला जागा मिळाली नसती, तिथे साहेब गाड्या कुठे लावणार? घसरगुंडीचं मात्र त्यात काही नाही. पोस्टमास्तर नवा अर्ज लिहायला बसलेत. या वेळी म्हणे त्याच्यावर सगळ्या पोरांच्या सह्या असतील.

फळीचं विचारशील. उजव्या कडेला एक बारीकसा चरा पडलाय, कुणाच्या तरी किल्लीचा असावा. पहिल्या दिवशी तो घासून काढायला मी काचकागद घेऊन बसलो होतो. आता त्याच जागी बोट फिरवल्याशिवाय मी दुकान उघडत नाही. "फळी कुणाची?" असं लोक विचारतात. मी सांगतो, माझ्या ताईची, फक्त ती आमच्याकडे असते.

खाली मातीत पायांनी खळगा पडायला लागलाय. मी भरत नाही. केरसुणी घरात आहे. हिच्या पावलामागची रेघ बरीच पुसट झालीये, नीट वाकून पाहिलं तरच दिसते, आणि मी रोज सकाळी वाकून पाहतो.

तर ताई, फळी लावली.

कड्या फार करकरतात, तेल घाल असं गल्लीतला प्रत्येक जण मला सांगून गेलाय. डबा दुकानात समोरच आहे. रविवारी सकाळी मैदानातून फोन करतो. यंत्र घालून बस. तोवर मी तेल घालणार नाही, आधी तू ऐक.

तुझा,
धाकटा